सेवेची आणेवारी

नाशिकहून मुंबईच्या रस्त्यास लागले म्हणजे थोड्याच वेळात त्रिरश्मीचा डोंगर दिसू लागतो. त्याच्या पोटातील लेण्यांस लोक पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा त्यांच्याशी काही संबंध नाही हे आता शाळेतील मुलांसही ठाऊक आहे. त्यांपैकी दहाव्या क्रमांकाच्या विहारात क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याचे लेख आहेत. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील या लेखांचे मोल संशोधकांनी राजांच्या वंशावळीसाठी व कालनिर्णयासाठी पुष्कळ वाखाणले आहे. प्रस्तुत लेखकास मात्र त्यांतील एका हिशेबाने फार दिवस मोह घातला आहे. उषवदाताने हे लेणे भिक्षुसंघास अर्पण केले आणि सोबत ३००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे मुद्दलास हात न लावता केवळ व्याज वापरावयाचे अशी ठेव, गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींत ठेविली. पैकी २००० कार्षापण दरमहा शेकडा १ व्याजाने व १००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या रकमेच्या व्याजातून, विहारात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंस वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावयाचे. आता वाचकांनीच गुणाकार करून पाहावा. २००० वर दरमहा २०, म्हणजे वर्षाचे २४०. आणि २० भिक्षूंस प्रत्येकी १२, म्हणजेही २४०. एक नाणे इकडचे तिकडे होत नाही. वर हे सर्व निगमसभेत जाहीर करून नोंदविले आहे.

याच लेण्याच्या अंगणात, तिसऱ्या शतकातील आभीर राजा ईश्वरसेन याच्या कारकिर्दीच्या नवव्या वर्षी कोरलेला दुसरा एक लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने त्रिरश्मीवरील विहारात राहणाऱ्या भिक्षुसंघातील आजाऱ्यांच्या औषधासाठी गोवर्धनातील ओदयंत्रिक, तिळपिषक इत्यादी श्रेणींत ठेवी ठेविल्याचे तो सांगतो. दात्रीचा पिता, पती व पुत्र यांची नावे आहेत. कोणत्या श्रेणीत किती रक्कम तेही आहे. पैसा आहे, त्याची जागा आहे, त्याला साक्षी आहेत. ते औषध आजाऱ्याच्या ओठांपर्यंत कोणी नेले, नेणारा पलंगाशी दोन घटका बसला की भांडे आपटून निघून गेला, याची नोंद कोठे ठेवावयाची, हे मात्र त्या दगडावर नाही. ते तेथे असावे अशी अपेक्षा करणेही अन्यायाचे होईल. पण ही जी जागा त्या दगडावर रिकामी राहिली, ती पुढे फार काळ रिकामीच राहिली. ज्या घरात माणसे परक्या हातांच्या आधाराने राहतात, तेथे त्या हातांचे वर्तन कसे असते हे खात्रीलायक रीतीने कसे पाहावे, हा प्रश्न आज नाशिकसारख्या शहरातील प्रत्येक वृद्धाश्रमापुढे उभा आहे. आणि तो जितका नवा वाटतो तितका नवा नाही.

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. आनंदास बरोबर घेऊन भिक्षूंच्या निवासस्थानांतून फेरी मारीत असता बुद्धास एक भिक्षू अतिसाराने आपल्याच मलमूत्रात पडलेला आढळला. तुझी शुश्रूषा करणारा कोणी नाही काय, असे विचारता तो म्हणाला की, मी इतर भिक्षूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझ्याकडे पाहत नाहीत. बुद्धाने पाणी आणविले. दोघांनी मिळून त्यास धुतले, उचलले व पलंगावर निजविले. त्यानंतर संघ जमवून आजाऱ्याची सेवा कोणाच्या हातून होऊ शकते याची पाच लक्षणे त्याने सांगितली: औषध तयार करता यावे, पथ्यापथ्य कळावे, लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, मलमूत्र काढण्याची किळस नसावी आणि प्रसंगी धर्मकथेने आजाऱ्याचे मन प्रसन्न करता यावे. चरकाने सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात परिचारकाचे चार गुण दिले आहेत: उपचारज्ञता, दक्षता, अनुराग आणि शौच. दोन्ही याद्यांत कसबाबरोबर ममताही घातली आहे हे विसरू नये. कारण कसब तपासणे सोपे असते; अनुराग तपासावयाचा तर कोणत्या मापाने?

आणखी एक उल्लेख करून प्राचीन काळ सोडतो. अशोकाच्या आठव्या शिलालेखात राजाच्या धर्मयात्रेत काय काय व्हावयाचे ते सांगितले आहे. त्यात वृद्धांचे दर्शन व त्यांस सुवर्णदान यांचा समावेश आहे. ‘थैर’ हा शब्द तेथे वृद्धांसाठी आहे की संघातील स्थविरांसाठी, याविषयी पंडितांत वाद आहे. तो आपण बाजूस ठेवू. या लेखाचा एक तुकडा १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांना आपल्या ठाणे जिल्ह्यात (आजच्या पालघर जिल्ह्यात) सोपारा येथे सापडला. भेटीस ‘दर्शन’ म्हणण्याची आपली चाल एवढी जुनी आहे. पण राजा दर्शनास येतो तेव्हा अंगण सारविलेले असते, आणि दर्शन होते ते सारविलेल्या अंगणाचे.

ही अडचण एकोणिसाव्या शतकात सरकारी व धर्मादाय गृहे निघू लागली तेव्हा पुन्हा उभी राहिली. त्या शतकाच्या सातव्या दशकात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून पुण्यास अनाथ व पंगू यांच्यासाठी गृह निघाले. ‘निवारा’ या नावाने ते आजही लोकांस परिचित आहे. अशा संस्थांत अन्न, वस्त्र, औषध यांचे हिशेब राहत. वर्तनावर नजर ठेवण्याची कायदेशीर तरतूद प्रथम झाली ती वेड्यांच्या इस्पितळांसाठी. १८५८ च्या कायद्याने भेट देणारे निरीक्षक नेमण्याची व्यवस्था केली. १९१२ च्या कायद्यात तर असे ठरविले होते की, महिन्यातून निदान एकदा दोन किंवा अधिक निरीक्षकांनी, ज्यांत एक वैद्यकीय अधिकारी असेल, मिळून संस्थेचा प्रत्येक भाग पाहावा, शक्य तेथवर प्रत्येक रोग्यास भेटावे व आपला शेरा पुस्तकात लिहावा. हा कायदा १९८७ च्या नव्या कायद्याने रद्द झाला, पण शेरेबुकाची पद्धत आपल्या हाडीमासी खिळली. आज कोणत्याही वृद्धाश्रमात पाहुण्यापुढे चहाबरोबर ती वही येते. ‘व्यवस्था उत्तम. वृद्ध समाधानी दिसले. संस्थेस शुभेच्छा.’ वही चाळीत गेले तर अध्यक्ष, आमदार, महाविद्यालयाचे विद्यार्थी सर्वांचे अक्षर निराळे, मजकूर एकच.

१९१२ च्या कायद्यात ‘दोन’ हा आकडा होता हे खरे. पण त्या दोघांनी ‘मिळून’ पाहावयाचे होते. दोन माणसे मिळून पाहू लागली की थोड्या वेळात त्यांचे डोळे एक होतात. मोठ्या हुद्द्याचा जे पाहतो ते धाकट्यास दिसू लागते. साक्षी दोन भासतात, असतो एकच.

डोळ्याच्या अंदाजावर किती विसंबावे, याचा धडा आपल्या लोकांनी इस्पितळात नव्हे तर शेतात घेतला आहे. आणेवारी हा शब्द नाशिक जिल्ह्यातील कोणत्याही कुणब्यास समजावून सांगावा लागत नाही. सोळा आणे पिकाच्या मानाने यंदाचे पीक किती आणे, हे नजरेने ठरवावयाचे आणि त्यावर साऱ्याची तहकुबी अवलंबून राहावयाची. १९१८ च्या खेडा सत्याग्रहाचे मूळ याच अंदाजात होते. चार आण्यांखाली पीक आले तर सारा तहकूब, असा नियम. शेतकरी म्हणत पीक चार आण्यांहून कमी, अधिकारी म्हणत अधिक. शेत तेच, हंगाम तोच, आणि पाहणाऱ्यांचे डोळेही बहुधा सारखेच निरोगी. हितसंबंध तेवढे निराळे होते.

या अनिश्चितीवर तोड निघाली ती पुढील तीस वर्षांत, आणि ती काढणाऱ्यांत आपली माणसे होती. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३७ पासून तागाच्या पाहणीत अशी योजना केली की, एकाच प्रदेशातील नमुने दोन स्वतंत्र तुकड्यांनी, परस्परांस न विचारता, मोजावेत. दोघांचे आकडे जुळले तर विश्वास ठेवावा, न जुळले तर पाहणाऱ्यांतच दोष शोधावा. त्यानंतरच्या दशकात वि. गो. पानसे आणि सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पां. वा. सुखात्मे यांनी यदृच्छया निवडलेल्या शेतांत प्रत्यक्ष पीक कापून वजन करण्याची पद्धत देशभर रूढ होण्याइतकी पक्की केली. सुखात्मे यांचा एक शोध तर आपल्या विषयास फारच जवळचा आहे. कापणीसाठी आखलेला तुकडा लहान असेल तर उत्पन्नाचा अंदाज फुगतो, असे त्यांनी दाखविले. का? तर दोरीच्या रेषेवर उभे असलेले ताट आत धरावे की बाहेर, असा प्रश्न पडला की हात ते आत ओढतो. तुकडा लहान तेवढी सीमा मोठी, आणि सीमेवरच लबाडी न करताही चूक होते.

माणसांच्या वर्तनाची पाहणी करणारे याच सुमारास याच वाटेने चालले होते. १९२८ साली अमेरिकेत फ्लॉरेन्स गुडिनफ या बाईंनी मुलांचे वर्तन थोड्याथोड्या वेळाचे, पण पुन्हा पुन्हा नमुने घेऊन मोजण्याची रीत मांडली. १९३५ साली टिपेट या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने कापडगिरण्यांसाठी अशी युक्ती सुचविली की, दिवसभर मागावर पाळत ठेवण्यापेक्षा अधूनमधून क्षणभर दृष्टिक्षेप करावा आणि माग चालू की बंद एवढेच लिहावे. शेकडो दृष्टिक्षेपांतून दिवसाचे चित्र आपोआप उभे राहते. या दोन्ही युक्त्यांत पाहणाऱ्याचा मोठेपणा कमी होतो. त्याने मत द्यावयाचे नसते. ठरलेल्या क्षणी ठरलेल्या खुणांपैकी एक करावयाची असते.

वृद्धांच्या गृहांकडे ही शिस्त येण्यास मात्र उशीर लागला. पीटर टाउनसेंड यांनी इंग्लंड व वेल्समधील १७३ संस्था पालथ्या घातल्या आणि १९६२ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पण तो अजून एका मर्मज्ञ माणसाचा शेराच होता, फार मोठा व फार प्रामाणिक. पुढे १९९३ साली डीन, प्राउडफुट आणि लिंडसे या तिघांनी सेवक व रहिवासी यांच्यातील प्रत्येक व्यवहार पाच खान्यांपैकी एकात घालण्याचे कोष्टक प्रसिद्ध केले: केवळ माणुसकीचा चांगला व्यवहार, कामापुरता पण चांगला, ना चांगला ना वाईट, काळजीपोटी अडविणारा, आणि कारणावाचून अडविणारा. टॉम किटवुड व कॅथलीन ब्रेडिन यांनी ब्रॅडफर्ड येथे त्याच सुमारास बसविलेली दुसरी पद्धत स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी होती. तीत एक निरीक्षक साधारण पाच व्यक्तींकडे कित्येक तास लक्ष ठेवून दर ५ मिनिटांस नोंद करतो, आणि नोंद करावयाची ती सेवकाच्या नव्हे, त्या वृद्धाच्या बाजूने.

कोष्टक वाचताना सोपे वाटते. गेल्या पावसाळ्यात मी व माझे एक मित्र, जे जन्मभर हिशेबतपासनीस होते, नाशिकमधील एका वृद्धाश्रमाच्या ओसरीवर ते घेऊन बसलो. संस्थेची परवानगी होती, रहिवाशांसही सांगितले होते. ठरल्याप्रमाणे दोघे दोन टोकांस, एकमेकांच्या वहीत न डोकावता. चहाची वेळ झाली. किटली घेऊन आलेल्या बाई एका वृद्धास म्हणाल्या, “ओ बाबा, कितीदा सांगू? हात धुवून या आधी, मग च्या.” मी चौथ्या खान्यात खूण केली, मित्राने पहिल्यात. संध्याकाळी वह्या ताडून पाहता निम्म्याहून थोड्याच अधिक जागी आमचे जुळले. मी शब्द ऐकले होते. त्यांनी म्हाताऱ्याचा चेहरा पाहिला होता, तो हसत उठला होता. मागाहून कळले की दोघे निफाडकडील शेजारशेजारच्या गावांचे.

त्या एका वाक्याने मला पुष्कळ दिवस छळले. इंग्लंडात केलेले कोष्टक आपल्या भाषेत आणताना केवळ मथळे मराठीत करून भागत नाही. आपल्याकडे ‘तू’, ‘तुम्ही’ व ‘आपण’ यांत नात्याचा सारा नकाशा असतो. सरसकट सर्व स्त्रियांस ‘आजी’ म्हणणे हा जिव्हाळा की तिचे नाव विसरल्याची कबुली? जन्मभर मुख्याध्यापिका असलेल्या बाईस ‘आजी’ म्हटले म्हणजे तिच्या चाळीस वर्षांवर पाणी पडते; शेतात राबलेल्या दुसरीस ‘बाई’ म्हटले तर ती परकी होते. खाना एकच ठेवला तर एकीवर अन्याय ठरलेला. तेव्हा पुढील खेपेसाठी आम्ही नियम केला की, शब्दावरून खूण करावयाची नाही. शब्दानंतर त्या वृद्धाने काय केले, मान वर केली की खाली घातली, यावरून करावयाची. जुळणी सुधारली.

येथे माझ्या मित्राने एक हिशेबी शंका काढली, ती खरी मोलाची होती. ओसरीवर बहुतेक वेळ काहीच घडत नाही. कोणी कोणाशी बोलत नाही. समजा दोघांनीही १०० पैकी ९० क्षणी ‘काही नाही’ असे लिहिले. मग डोळे मिटून खुणा केल्या तरी ८२ ठिकाणी दोघांचे केवळ योगायोगाने जुळेल. प्रत्यक्षात ८५ ठिकाणी जुळले, तर शंभरात पंच्याऐंशी म्हणून मिरवावे काय? योगायोगाच्या पलीकडे मिळवावयाचे होते १८, मिळाले ३. म्हणजे खरी कमाई एक षष्ठांश. हे गणित जेकब कोहेन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० साली मांडले. मित्राने ते वाचले नव्हते; खतावणी लिहिता लिहिता त्यांस ते आपोआप सुचले याचे मला कौतुक वाटते. सुखात्म्यांच्या दोरीचीही येथे आठवण होते. पाच मिनिटांच्या तुकड्यात क्षणभरही चांगले बोलणे झाले तर सारा तुकडा ‘चांगला’ असे धरले, तर चांगुलपणाचे पीक अकारण फुगते. म्हणून खूण ठरलेल्या क्षणाची करावी, तुकड्याची नव्हे.

दोन निरीक्षकांचे जुळले म्हणजे सत्य सापडले असेही नाही. दोन तलाठी एकाच साहेबास भीत असतील तर त्यांची आणेवारीही जुळते. जर्मन मानसशास्त्रज्ञ मार्ग्रेट बाल्टेस यांनी वृद्धगृहांत वर्षानुवर्षे नोंदी करून दाखविले की, वृद्ध परावलंबीपणे वागला तर सेवक लगेच धावतात, आणि तो स्वतः काही करू लागला तर बहुधा कोणी लक्ष देत नाही. मग सोबत मिळावी म्हणून माणूस पंगू होत जातो. आपल्या घरांत वाढलेला निरीक्षक घास भरविणाऱ्या सेविकेस पाहून निःशंक पहिल्या खान्यात खूण करील. दोघे निरीक्षक करतील. आपल्याकडे वडिलांस भरविणे हे पुण्य आहे. त्यांना थरथरत्या हाताने, सांडत का होईना, स्वतः जेवू देणे हे पुण्य आहे असे आपणांस कोणी शिकविले नाही. मला स्वतःला ती सेविका वाईट म्हणवत नाही. पण तिच्याजवळ अर्धा तास आहे की पाच मिनिटे, हेही वहीत यावयास हवे. एकीवर वीस ताटे सोपविली असतील तर दोष तिच्या हाताचा नव्हे, नेमणुकीचा.

आपल्या कायद्यांचे लक्ष अजून उषवदाताच्या बाजूसच अधिक आहे. विश्वस्तसंस्थांचे हिशेब १९५० च्या कायद्याने तपासले जातात. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाविषयीच्या २००७ च्या केंद्रीय कायद्याने राज्य सरकारांस प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान १५० निराधार वृद्धांस पुरेल असे गृह काढण्याची मुभा दिली आणि तेथील सोयींची प्रमाणे ठरविण्याचा अधिकारही दिला. खोली किती हात, ताटात काय, डॉक्टर कधी, हे प्रमाणात बसते. किटलीवाल्या बाईंचे वाक्य बसत नाही.

आणि जे अत्यंत महत्त्वाचे तेथे तर कोष्टकही पोहोचत नाही. ब्रॅडफर्डच्या पद्धतीत निरीक्षकाने केवळ सामाईक जागांत बसावयाचे असते. न्हाणीघर, शौचकूप, निजावयाची खोली येथे जावयाचे नाही. हा नियम योग्यच आहे. मरणोन्मुख माणसाचे स्नान ही कोणाच्या वहीची सामग्री नव्हे. वेषांतर करून नगरचर्चा पाहणाऱ्या राजांच्या गोष्टी आपण लहानपणी ऐकल्या, त्याच हौसेने आता कोणी भिंतीवर कॅमेरा बसवू म्हणतात. तो सेवकास भिववील, पण रहिवाशाचीही लाज घेईल. महावग्गातील फेरीत त्या कोठडीचे दार ओलांडण्याचा अधिकार बुद्धास कशाने आला, हे पाहण्यासारखे आहे. त्याने आधी पाणी मागविले होते. टाउनसेंड यांनीही एका संस्थेत काही दिवस परिचारकाचे काम पत्करले होते, असे त्यांच्या चाहत्यांस आठवत असेल.

आमच्या तिसऱ्या खेपेस तेच निफाडकडचे बाबा माझ्या बाकावर येऊन बसले. “लिहिता काय एवढं?” असे त्यांनी विचारले. मी वही पुढे केली, खाने समजावून सांगितले. त्यांनी चष्मा पुसून दोन पाने नीट पाहिली, मला वाटले त्याहून अधिक वेळ घेतला, आणि म्हणाले, “हे सगळं दिवसाचं आहे. बरोबर आहे. रात्री दोन वाजता घंटी वाजविली म्हणजे काय होतं, ते यात कुठं लिहायचं?”

मित्राने वहीत एक कोरा खाना आखला. तो कसा भरावयाचा हे आम्ही अजून ठरवीत आहो. बाबांचे म्हणणे असे की, तो आम्ही नव्हे, त्यांनी भरावा.